मागची सीट बघून घेतलेली गाडी

माझी मावशी मोटरसायकल सुरू करते, पण लगेच निघत नाही. गियर टाकते, क्लच दाबून धरते आणि दोन-तीन सेकंद तशीच थांबते. सिग्नलला ती पुढे असली की मागच्यांचा जीव वर-खाली होतो. कोणी हॉर्न वाजवतं, कोणी "काकू, हिरवा झाला हो!" म्हणून ओरडतं. मावशी ऐकू न आल्यासारखं करते आणि तिचं झालं की जाते. माझी स्कूटर तिच्या मागे असली तर मी हॉर्न वाजवत नाही. मी काही फार सोशीक बाई आहे असं नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा न देणारी म्हणून मुलं माझ्या नावानं बोटं मोडतात. पण मावशी का थांबते ते मला माहीत आहे.

ते सांगायचं तर काकांपासून सुरुवात करायला हवी. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

काका वीज कंपनीत मीटर रीडर होते. दिवसाला दीडशे मीटर बघायचे, वहीत आकडे टिपायचे आणि पुढच्या गल्लीत. कोणत्या घरचं कुत्रं चावतं आणि कोणत्या घरचं नुसतंच भुंकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांची काळी मोटरसायकल किक मारून सुरू व्हायची, तीही त्यांच्याच पायानं. दुसऱ्या कोणी मारली तर ढिम्म हलायची नाही. काकांना याचा केवढा अभिमान! स्कूटरवाल्यांना ते माणसांत धरत नसत. मी स्कूटर घेतली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान आहे हो. चाकं लावलेली खुर्ची."

मावशी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. तिथे तिला सगळे काटेवाली म्हणतात, कारण काट्याची गरज नसलेली ती एकटीच. पार्सल हातात आलं की काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगणार. "दोन किलो तीनशे चाळीस." काट्यावर दोन तीनशे साठ. शिपाई तिच्याशी चहाची पैज लावतात आणि हरतात. नवा साहेब आला की त्यालाही एकदा हरवून घेतात.

सत्तावीस वर्षं काकांनी तिला मागे बसवून रोज कचेरीत सोडलं, संध्याकाळी आणलं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली होती, ती आमच्याकडे अजून सांगितली जाते. पेट्रोल भरायला दोघं थांबले. पेट्रोल भरताना मावशी उतरून बाजूला उभी राहिली. टाकीचं झाकण लागलं, काकांनी किक मारली आणि निघाले ते निघालेच. मावशी पंपावर. काका दोन किलोमीटर तिच्याशी बोलत गेले. साहेब कसा खडूस आहे, बहिणीच्या लग्नाला किती दिवस जायचं, असं सगळं. मध्येच म्हणाले, "तू गप्प का? रागावलीस?" तरी उत्तर नाही. तेव्हा वळून पाहिलं.

"एवढीशी होते मी तेव्हा," मावशी सांगायची. "बसले काय आणि न बसले काय, ह्यांना कळणार कसं?"

त्या दिवसापासून दोघांचा नियम ठरला. मावशीनं नीट बसून काकांच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा मिळाल्याशिवाय काका गाडी हलवायचे नाहीत. पुढे मावशी चांगली सुटली, ती बसली की गाडीच कण्हायची, तरी थापा चालूच राहिल्या. भांडण झालेलं असलं तरी थापा मारल्याच पाहिजेत. अबोल्याच्या दिवसांत तेवढंच एक बोलणं व्हायचं, आणि तेही खांदा निखळेल इतक्या जोरात.

काकांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आधी सगळे घरगुती उपाय झाले. मग डॉक्टर, मग मोठं इस्पितळ. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही. पोटाचं ऑपरेशन झालं, आणि दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला जायचं ठरलं. काकांचं वजन तेव्हा अडुसष्ट किलो होतं. मला माहीत आहे, कारण इस्पितळाची फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

एका संध्याकाळी मावशी कामावरून बसनं घरी आली आणि बघते तर जिन्याखाली गाडी नाही. फरशीवर तेलाचा गोल डाग तेवढा होता. काकांनी तिला न विचारता गाडी कंपनीतल्या कोणाला तरी देऊन टाकली होती.

"किक बसत नाही आता," काका म्हणाले. "उभ्या उभ्या गंजून गेली असती."

मावशीनं मला फोन केला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "रविवारी मोकळी आहेस का? मला मोटरसायकल घ्यायचीय."

मी म्हटलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. मी शिकणार आहे."

मावशी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती, आणि साधी सायकलही तिनं दहावीनंतर हातात धरली नव्हती. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी चिडले आणि मग अभ्यासाला लागले. पहिली मोटरसायकल कशी निवडावी यावर जे मिळालं ते वाचून काढलं आणि सात रकान्यांचा एक तक्ता केला. वजन, सीटची उंची, इंजिन, असं सगळं. वर एक मोठं सत्यही लिहिलं, की स्कूटर घ्यावी.

मावशीनं ते वाचलं. "स्कूटर नको."

"का पण? गियर नाही, क्लच नाही, किती सोपी असते."

"ते खुर्चीवर बसणार नाहीत," मावशी म्हणाली. "इस्पितळात चाकांच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांचं तोंड बघितलं होतंस ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंद टॅक्सीत काकांना फार मळमळायचं. इस्पितळात पोचेपर्यंत पिशवी तोंडाशी धरून ते अर्धमेले व्हायचे. बसमध्ये जागा मिळाली तरी बसायचे नाहीत, दांडा धरून उभे राहायचे, आणि मावशीला ते बघवायचं नाही. वाऱ्यावर बसून गेले तर त्यांना बरं वाटेल एवढंच तिच्या डोक्यात होतं. ज्यांनी सत्तावीस वर्षं नेलं, त्यांना आता आपण न्यायचं.

काकांना कपाट बघायला जातो असं सांगून आम्ही शोरूमला गेलो. तिथला सेल्समन भला होता. माझ्याच तक्त्यातलं सगळं त्यानं बोलून दाखवलं. "पहिली गाडी हलकी हवी मॅडम. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पडली तर एकटीला उचलता आली पाहिजे. हौस नंतर, आधी हात बसू दे." त्यानं सगळ्यात छोटी गाडी पुढे काढली, स्टँडवर नीट उभी केली आणि म्हणाला, "बसून बघा."

मावशीनं गाडीवर पाय टाकला, नीट बसली, पर्स मांडीवर घेतली आणि वाट बघत राहिली. पुढची जागा रिकामी होती. ती मागे बसली होती.

सेल्समननं तोंडावर हात ठेवला. मी नाही ठेवला. मी मोठ्यानं हसले, शोरूममधले सगळे वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मावशीचे कान लाल झाले. पण ती उतरली नाही. "हसताय काय?" ती म्हणाली. "मला हीच जागा माहितीय. सत्तावीस वर्षं इथेच बसलेय." आणि मग, जणू तेच करायला आली होती अशी, ती मागची सीट तपासायला लागली. दाबून बघितली. पाय ठेवायच्या जागेवर पाय ठेवून बघितले. "ही नको. पुढे उतार आहे. ब्रेक लागला की मागचा माणूस घसरून पुढच्यावर आदळतो." दुसरी गाडी. "ही नको. सायलेन्सर पायाला लागतोय, पोटरी भाजेल." तिसरी. "धरायला मागे दांडा कुठाय? आणि पाय ठेवायचं इतकं वर आहे, गुडघे सरळ पोटात येतात." मग हळूच म्हणाली, "पोटात आलेलं चालणार नाही."

सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी माझा तक्ता बघायला लागले. सात रकाने होते, मागच्या सीटचा एकही नव्हता.

अशा अकरा गाड्यांच्या मागे बसून तिनं एक निवडली. मागची सीट रुंद, सपाट, मऊ, मागे दणकट दांडा. बाकी माझ्या तक्त्याप्रमाणे नापास. एकशे चाळीस किलोची, आणि पुढे बसल्यावर मावशीच्या पायांचे फक्त चवडे टेकत होते. सेल्समननं परोपरीनं सांगितलं. मी तर भांडलेच. पालथ्या घड्यावर पाणी. पाय टेकत नाहीत यावर तिनं तिच्या पद्धतीनं उपाय काढला. ऑफिसच्या बुटांना चांभाराकडून दीड इंचाचे तळ लावून आणले. ते घालून चालायला लागली की पार्सल विभागात घोडा शिरल्यासारखा आवाज यायचा.

गाडी घरी आली तेव्हा काका दारात उभे होते. त्यांनी भोवती फेरी मारली. हसले, पोट धरून हसले, मग दुखलं म्हणून थांबले. "अगं, ही तुझ्या मापाची नाही."

"माहितीय," मावशी म्हणाली. "तुमच्या मापाची आहे."

काकांचं हसू गेलं. "मी मागे बसणार नाही," ते म्हणाले. "कोणाच्याच मागे बसलो नाही आजवर."

"मी कोणाच्यातली आहे का?"

काकांनी क्लच एकदा दाबून सोडून बघितला. मग म्हणाले, "शिकवीन मात्र. दुसरा कोणी शिकवून हात बिघडवायला नको."

शाळेमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. काका घडीच्या खुर्चीवर, गळ्याला मफलर, हातात पाण्याची बाटली. मावशी गाडीवर. मी, गाडी पडली तर उचलायला. काका डोळे मिटून नुसत्या आवाजावरून हुकूम सोडायचे. "दुसरा टाक. रडतंय इंजिन, ऐकू येत नाही का? क्लच हळू सोड, उपकार केल्यासारखा सोडू नकोस!" मावशी म्हणाली, "इथे जमीनच उंचसखल आहे, त्याला मी काय करू?" काका म्हणाले, "बरोबर. नाचता येईना, अंगण वाकडं." आजार कळल्यापासून ते इतके खुशीत मी पाहिले नव्हते. आणि खरं सांगते, त्या महिन्या-दीड महिन्यात मला वाटायला लागलं होतं की ते बरे होणार.

मावशी एकटी बऱ्यापैकी चालवायला लागली, परवाना मिळाला, तशी ती पुन्हा म्हणाली, "आता बसा."

"एकटं चालवणं वेगळं, डबलसीट वेगळं," काका म्हणाले. "मागे अडुसष्ट किलोचं धूड असताना वळवून दाखव. घोडामैदान जवळच आहे."

मला ती पळवाट वाटली. मावशीला ती अट वाटली. तिनं कचेरीतून टपालाच्या दोन जुन्या, रद्द झालेल्या थैल्या मागून घेतल्या, जाड कॅनव्हासच्या. कचेरीच्या आवारात भिंतीच्या कामाची वाळू पडली होती. ती भरून, काट्यावर वजन करून, दोन्ही थैल्यांची तोंडं सुतळीनं एकत्र बांधून तिनं मागच्या सीटवर दोन बाजूंना टाकल्या. सुरुवात वीस किलोपासून, दर पंधरवड्याला थोडी थोडी वाढवत न्यायची. पार्सल विभागातले सगळे खिडकीतून बघायला जमायचे.

वीस किलोवरच पहिल्या वळणाला गाडी आडवी झाली. मैदानावरच, वेग नव्हता, मावशीला नुसतं खरचटलं. पण काका खुर्चीवरून उठले, धावल्यासारखे आले आणि हँडलला धरून गाडी उचलायला लागले. गाडी तसूभर हलली नाही. ते पुन्हा लागले. मी म्हटलं, "काका, राहू द्या." त्यांनी हँडल सोडलं आणि हाताकडे बघत उभे राहिले.

"एका हातानं उचलायचो," ते म्हणाले.

मग त्यांनी मावशीला सांगितलं. "गाडीकडे पाठ कर. खाली बस. सीटला कंबर लाव, हँडल आणि मागचा दांडा धर, आणि पायांनी मागे रेटत उठ. हातांनी ओढायची नसते, पायांनी उचलायची." मावशी बसली, रेटली, चेहरा लालबुंद झाला, आणि एकशे चाळीस किलोची गाडी वाळूसकट उभी राहिली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका खुर्चीकडे परत जात होते, फार हळू. पुढच्या रविवारी ते मैदानावर आले नाहीत. त्यानंतर आलेच नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना मी स्वतःला चांगलं म्हणू शकत नाही.

दर तीन आठवड्यांनी इस्पितळात औषध चढवण्याआधी काकांना काट्यावर उभं करायचे. काका काट्यावर चढले की मावशी वळून भिंतीकडे तोंड करायची. भिंतीवर हात स्वच्छ कसे धुवावेत याचं चित्रांचं पोस्टर होतं. ते ती वाचत राहायची. जन्मभर दुसऱ्यांची वजनं करणारी बाई, सहा पायऱ्यांत हात धुवायला शिकत उभी असायची. नर्स आकडा लिहायची. फाइल माझ्या हातात, त्यामुळे तो मला दिसायचा. त्रेसष्ट. मग सत्तावन्न.

आणि कचेरीच्या आवारात वाळू वाढत होती. तीस. चाळीस. मी दरवर्षी सहावीच्या मुलांना फळ्यावर हे गणित घालते, की दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या तर कुठे भेटतील. त्या घरातलं ते गणित सोडवायला मला कागदही लागला नाही. बावन्नवर भेटल्या. त्या आठवड्यात थैल्या बावन्न किलोच्या होत्या आणि काकाही. मी म्हणायला हवं होतं, मावशी, बस झालं, आता इतकंच पुरे, आता खाली यायला लाग. मी म्हटलं नाही. पुढच्या पंधरवड्यात तिनं छप्पन केले. पुढच्या वजनाला काका अठ्ठेचाळीस झाले होते.

एकदा मात्र मी विचारलं, "अजून किती वाढवणार?"

"अडुसष्ट," मावशी म्हणाली. "त्यांचं वजन अडुसष्ट आहे."

चुकीच्या उत्तराला अर्धा गुण न देणारी मी, मी मान हलवली.

अडुसष्ट झाले तेव्हा मावशी खरंच तरबेज झाली होती. गर्दीतून, चढावरून, खड्ड्यांतून ती त्या थैल्या अशी न्यायची की सुतळी सरकायची नाही. मेकॅनिककडे जाऊन तिनं मागचे शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत कडक करून घेतले, म्हणजे मागे भार आला की गाडी दबायला नको. "रोज कोणाला नेता काकू?" मेकॅनिकनं विचारलं. "मिस्टरांना," मावशीनं सांगितलं.

मिस्टर टॅक्सीनंच जात होते. गाडी जिन्याखाली, तेलाच्या जुन्या डागावर उभी असायची. दर वेळी मावशी विचारायची, "आज बसता?" आणि काका म्हणायचे, "पुढच्या वेळी." तिच्यावर भरवसा नव्हता असं नाही. एकदा मी एकटी असताना ते मला म्हणाले होते, "मी तोल जाऊन पडलो तर ती जन्मभर स्वतःला दोष देत बसेल गं. तिला ओळखत नाहीस तू."

मग डॉक्टरांनी सांगितलं की औषध थांबवू या, आता घरीच आराम करू दे. त्याचा अर्थ काय ते आम्हाला कळलं. त्या दिवशी शेवटचं वजन झालं. मावशी पोस्टरकडे तोंड करून उभी होती. मी फाइल मिटली.

त्यानंतर आठवडाभरानं, एका सकाळी दहाच्या सुमाराला, काका मला म्हणाले, "माझा कंपनीचा शर्ट काढ." मी काढून दिला. शर्टात ते आणखीच लहान दिसायला लागले. मग मावशीला हाक मारली. "चल. बघू तुझी गाडी."

मावशी आत जाऊन दीड इंची तळाचे बूट घालून आली. काकांचं हेल्मेट डोक्यावर फिरत होतं, म्हणून मी आत रुमाल कोंबला. मावशीनं गाडी बाहेर काढली, सुरू केली, दोन्ही पाय रोवले, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि समोर बघत बसली. तिचे खांदे ताठ झाले होते. अडुसष्ट किलो मागे येताना गाडी कशी झुकते, कोणत्या पायावर भार येतो, ते तिला पाठ होतं. ती त्या भाराची वाट बघत होती.

मी काकांना धरून आणलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डावा पाय पायठेवणीवर टेकवला. उजवा पाय सीटवरून पलीकडे जाईना. मी गुडघ्याखाली हात घालून तो उचलला आणि पलीकडे ठेवला. काका बसले. दोन्ही हातांनी मागचा दांडा धरला, श्वास घेतला आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, झालं.

मावशी तशीच होती. पाय रोवलेले, नजर समोर.

इंजिन चालू होतं. मी वाट बघितली. काकांनी वाट बघितली.

"बसा ना," मावशी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, घाबरू नका. धरलीय मी गाडी घट्ट. नाही पडणार. बसा."

काकांनी दांडा धरलेला एक हात सोडला. तो हात पुढे आला, आणि त्यांनी मावशीच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

"कधीचा बसलोय गं," काका म्हणाले.

मावशीनं मान वळवली नाही. मला तिचा चेहरा हेल्मेटच्या बाजूनं अर्धवट दिसत होता. दोन-तीन सेकंद ती काहीच करत नव्हती. मग तिनं क्लच सोडला, आणि तो इतका हळू सोडला, की काकांनी इतके महिने ओरडून मागितलेला क्लच हाच असणार. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळली आणि दिसेनाशी झाली.

वीस मिनिटांनी दोघं परत आले. काका पांढरे पडले होते, पण हसत होते. त्यांच्या जुन्या गल्ल्यांतून जाऊन आले होते. चावणारं कुत्रं म्हातारं झालंय, असं त्यांनी मला मोठ्या समाधानानं सांगितलं. आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर झोपवलं. डोळे मिटता मिटता म्हणाले, "मागची सीट चांगली निवडलीस. तू सांगायचीस तर मला वाटायचं उगाच कुरकुर करतेस. मागे बसल्याशिवाय कळत नाही."

त्यानंतर काका एकोणीस दिवस होते. गाडीवर पुन्हा बसले नाहीत.

पण मला त्याच सकाळचं सांगायचं आहे. काकांना झोप लागल्यावर मावशी स्वयंपाकघरात आली. बूट अजून पायात होते, काढायचं सुचलं नव्हतं. ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं दोन्ही हात समोर धरले, तळवे वर, एखादं पार्सल घेतल्यासारखे, आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

फाइल माझ्या पिशवीत होती. शेवटच्या पानावर नर्सच्या अक्षरात एक्केचाळीस किलो शंभर ग्रॅम लिहिलेलं होतं. मावशीनं ते पान कधीच पाहिलं नव्हतं. आठ महिने मी जे तिला सांगितलं नाही, ते तिला गाडीनं गल्लीच्या पहिल्या वळणावर सांगितलं होतं.

"एक्केचाळीस ना गं?" तिनं मला विचारलं.

मी तिचे ते दोन हात माझ्या हातात घेतले.

"बरोबर आहे," मी म्हणाले.